आयसीटीत केमिकल इंजिनिअरिंगचं संशोधन: विषय निवडताना काय पाहावं

तुमचा प्रश्न असा: बीईचं शेवटचं वर्ष, माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) केमिकल इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करायचा विचार, कॅव्हिटेशनमध्ये रस, आणि शंका अशी की आता सगळं कॉम्प्युटरवरच चालतं की पंप-रिॲक्टरला अजून हात लागतो? हात लागतो, चांगला काळा होईपर्यंत लागतो. सीएफडीचं, म्हणजे द्रव-वायूंचा प्रवाह कॉम्प्युटरवर गणिताने मांडण्याचं काम तिथे जुनं आणि मोठं आहे. पण प्रा. ज्येष्ठराज जोशींच्या गटाने बबल कॉलममधला (द्रवाच्या उभ्या नळकांड्यात खालून वायूचे बुडबुडे सोडणारा रिॲक्टर) प्रवाह प्रत्यक्ष मोजून मॉडेलशी ताडला, त्यामुळे त्या कामाला वजन आहे. नुसती रंगीत चित्रं काढायला कुठेही जाता येईल.

तुम्ही कॅव्हिटेशनबद्दल विचारलंय, तर त्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण प्रा. अनिरुद्ध पंडित यांच्यामुळे हा विषय या विभागाची ओळखच झाला आहे. पाइपात ओरिफिस प्लेट (भोक असलेली चकती) किंवा व्हेंचुरी (मध्ये निमुळती होणारी नळी) बसवायची. अरुंद जागी वेग वाढतो, दाब पडतो. तो बाष्पदाबाखाली, म्हणजे ज्या दाबाला त्या तापमानात द्रव उकळू लागतो त्याखाली गेला की बुडबुडे तयार होतात. पुढे दाब सावरला की ते फुटतात आणि त्या सूक्ष्म जागी क्षणभर हजारो अंश तापमान आणि शेकडो वातावरणांचा दाब निर्माण होतो. पाण्याचे रेणू तुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे अतिशय क्रियाशील तुकडे मिळतात, ते सेंद्रिय प्रदूषकांवर तुटून पडतात.

गणित करून बघा. बाहेरचा दाब साधारण 101 किलोपास्कल, 25 अंशांना पाण्याचा बाष्पदाब 3 च्या आसपास, म्हणजे फरक 98. सेकंदाला 14 मीटर वेग धरला तर अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग हेही 98 च येतं. भागाकार एक. हाच कॅव्हिटेशन नंबर. ढोबळमानाने एक किंवा त्याखाली आलात की बुडबुडे धरून चाला. पाण्यात विरघळलेली हवा असेल तर त्याआधीही सुरू होतात. म्हणजे हे साध्या पंपाच्या आवाक्यातलं काम आहे. अल्ट्रासाउंडने हेच करता येतं, पण तिथे परिणाम ट्रान्सड्यूसरच्या (ध्वनिलहरी सोडणारा भाग) जवळपासच राहतो, आणि मोठ्या टाकीत गाडी अडते.

आता खरी गोम. या विषयावरचे ढिगाने पेपर डायचं द्रावण घेऊन ‘इतके टक्के रंग गेला’ असं सांगतात. रंग जायला ॲझो बंध (डायला रंग देणारा नायट्रोजन-नायट्रोजन जोड) तुटला तरी पुरे. तुकडे पाण्यातच असतात, सीओडी (पाण्यातली घाण रासायनिकरीत्या जाळायला लागणारा ऑक्सिजन) जवळपास तिथेच. तारापूर-तळोज्याच्या कारखानदाराला त्याचा काय उपयोग? म्हणून कोणत्याही गाइडला भेटाल तेव्हा विचारा: टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) मोजता का, खरं सांडपाणी वापरता की लॅबमध्ये बनवलेलं, आणि एक किलो सीओडी घालवायला किती युनिट वीज लागते? बऱ्याचदा नुसतं कॅव्हिटेशन परवडत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा ओझोनची जोड द्यावी लागते, नाहीतर पुढच्या जैविक प्रक्रियेआधी अवघड रेणू फोडण्यापुरतंच ते वापरावं लागतं. त्यात कमीपणा काही नाही.

बाकीचं थोडक्यात. कॉपर-क्लोरीन चक्राने हायड्रोजन बनवायचं काम ओएनजीसी एनर्जी सेंटरबरोबर झालं आहे. पाणी नुसत्या उष्णतेने फोडायला हजारो अंश लागतात, इथे साधारण 550 अंशांत भागतं. पण गरम हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि वितळलेलं कॉपर क्लोराइड सांभाळणारा धातू शोधणं हीच अर्धी पीएचडी. शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉलचं तंत्र आयसीटीतल्याच डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) केंद्राचं. ते 2016 मध्ये काशीपूरला रोज 10 टन कच्च्या मालाच्या प्लांटपर्यंत गेलं. काडी दाबून आत ढकलणं, चिकट लगदा ढवळणं, असले प्रश्न बीकरमध्ये दिसतही नाहीत. मला विचाराल तर शिकण्यासारखं तिथेच जास्त आहे.

गेट द्याच. मुलाखतीत मास ट्रान्सफर आणि रिॲक्शन इंजिनिअरिंग कच्चं असेल तर लगेच उघडं पडतं, ही प्रा. एम. एम. शर्मांची परंपरा आहे, वायू-द्रव अभिक्रियांवर उभी राहिलेली. आणि गाइडशी बोलून झालं की तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या एखाद्या पीएचडीवाल्याला कँटीनमध्ये गाठा. सेटअप किती महिने बंद असतो, ते तोच सांगेल.