सतरा तारखा

समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत त्या गृहस्थांनी आपले बायबल उघडून माझ्यासमोर ठेवले. मुखपृष्ठाच्या आतील कोऱ्या पानावर सतरा तारखा होत्या, काही निळ्या शाईत, काही काळ्या, एक शिसपेन्सिलीने. प्रत्येकीपुढे ‘प्रभूला स्वीकारले’ एवढेच शब्द होते आणि शेवटची सोडून बाकी सगळ्यांवर पट्टी धरून सरळ रेघ मारलेली होती.

“ताई, यांतली खरी कोणती?” त्यांनी विचारले.

त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून मी हे लिहीत आहे. ते अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती, व्यवसायाने लेखापाल. आईच्या दफनविधीच्या वेळी सारी मंडळी गात असताना आपल्या मनात काहीच हलले नाही, या गोष्टीने ते हादरले होते. पुढे काही महिन्यांनी एका उज्जीवन सभेत वक्त्याने इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील चौथे ते सहावे वचन वाचले (एकदा प्रकाश मिळूनही जे पतन पावले त्यांना पश्चात्तापाकडे पुन्हा आणणे अशक्य आहे, असा तो इशारा) आणि ज्याचे मन थंड पडले आहे त्याला पवित्र आत्मा सोडून गेला असे समजावे, असे सांगितले. त्या रात्रीपासून ते झोपण्यापूर्वी तारणाची, म्हणजे ख्रिस्ताला आपला तारणारा म्हणून स्वीकारण्याची, प्रार्थना नव्याने करू लागले. मध्येच लक्ष विचलित झाले तर ती प्रार्थना ‘मनापासून’ झाली नाही म्हणून पुन्हा आरंभापासून, आणि असे करता करता रात्रीचे दोन वाजत. आपण अयोग्य रीतीने भाग घेऊन स्वतःवर दंड ओढवून घेऊ, या भयाने दोन वर्षे त्यांनी प्रभुभोजन, म्हणजे मंडळीतील भाकर आणि प्याल्याचा विधी, घेतले नव्हते.

‘माझे तारण झाले होते, पण ते आता गेले असेल का?’ हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या विश्वासणाऱ्यांपैकी कितीतरी जण विचारतात. बहुतेकांना पाळकांशी मोकळेपणाने बोलल्यावर आणि वचन शांतपणे वाचल्यावर आधार मिळतो. म्हणून मीही तोच मार्ग धरला. त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय वाचायला दिला. तेथे प्रभू येशू आपल्या मेंढरांविषयी सांगतो की त्यांचा कधीही नाश होणार नाही. हा नकार मूळ ग्रीकमध्ये दोन नकारार्थी शब्द जोडून अधिक ठाम केलेला आहे. शिवाय मेंढरू पुत्राच्या हातात आहे असे म्हणून तो थांबत नाही, तर पुढच्याच वचनात पित्याचाही हात येतो. इब्री पत्राच्या ज्या सहाव्या अध्यायात तो इशारा आहे, त्याच अध्यायाच्या नवव्या वचनात लेखक वाचकांना ‘प्रियजनहो’ म्हणून हाक मारतो आणि त्यांच्याविषयी याहून चांगल्या गोष्टींची आपल्याला खात्री आहे असे लिहितो, हेही मी दाखवले. सभेत हे वचन कोणी वाचले नव्हते. त्यांचा चेहरा उजळला आणि मला वाटले, काम झाले.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. नाश होणार नाही तो मेंढरांचा. पण मी मेंढरू आहे हे कशावरून? मी दुसरे वचन दिले, तेही दोन दिवस पुरले. मग ते पंडिता रमाबाईंचा दाखला घेऊन आले. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही, हे त्यांना सुमारे आठ वर्षांनी उमगले, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. “रमाबाईंसारख्या विदुषीची जर अशी फसगत झाली, तर माझ्या सतराही तारखा खोट्या नसतील कशावरून?” रमाबाई तो शोध लागल्यावर पुन्हा पुन्हा आरंभाकडे वळत बसल्या नाहीत, केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी हजारो मुलीबायकांना आसरा दिला, हे माझे उत्तर खरे होते. पण तेही आठवड्याभरात झिजले.

मतांचा गोंधळ त्यांच्या घरातही होता. नेदरलँड्समध्ये भरलेल्या १६१८-१९ च्या डॉर्टच्या प्रोटेस्टंट धर्मसभेने देव आपल्या निवडलेल्यांना अखेरपर्यंत राखतो असे ठामपणे मांडले, तर मेथडिस्ट परंपरेने विश्वासणारा जाणूनबुजून पाठ फिरवू शकतो असे मानले. १९७० साली नागपुरात अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा या दोन्ही वारशांची माणसे एका बाकावर बसू लागली. या गृहस्थांचे आजोबा एक बोलत आणि सासरे दुसरे. मी स्वतः पहिल्या मताची आहे. परंतु दुसऱ्या मताचा कोणताही जबाबदार पाळक असे म्हणणार नाही की प्रभूला गमावण्याच्या भयाने ज्याची झोप उडाली आहे, त्याने प्रभूकडे पाठ फिरवली आहे. इब्री पत्रातील माणूस ख्रिस्ताला तुच्छ लेखून निघून जातो. हे गृहस्थ दारातच उभे राहून रात्रभर दार ठोठावत होते.

चूक माझी होती आणि ती मला त्यांच्या व्यवसायावरून कळली. ते एकदा सहज म्हणाले की किर्दीचा ताळमेळ लागला तरी ते ती पुन्हा दोनदा तपासतात, कारण “लागला असं वाटणं म्हणजे लागणं नव्हे.” म्हणजे मी देत होते ती वचने ते ऐकत नव्हते, तपासत होते. प्रत्येक वचन ही मी दिलेली एक गोळी होती, तिचा असर ओसरला की नवी हवी होती आणि गोळी देणारी मीच त्या आजाराला खतपाणी घालत होते. याला मराठीत मंत्रचळ म्हणतात. तो हात धुण्याचा असतो, कुलूप ओढून पाहण्याचा असतो, तसा पापक्षमेचाही असतो. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधील मान्रेसा येथे याच यातनेत होते. कबूल केलेली पापे त्यांना पुन्हा पुन्हा कबूल करावीशी वाटत आणि ती पुन्हा कबूल करायची नाहीत असे ठरवल्यावरच त्यांची सुटका झाली.

मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. औषध सुरू झाले. त्यांच्या पाळकसाहेबांना विश्वासात घेऊन आम्ही तिघांनी एक नियम ठरवला: तारणाची प्रार्थना आता पुन्हा करायची नाही, नवी तारीख लिहायची नाही आणि ‘माझे तारण आहे ना?’ या प्रश्नाला आमच्यापैकी कोणीही उत्तर द्यायचे नाही. हे निर्दयपणाचे वाटेल. त्यांच्या पत्नीलाही ते तसेच वाटले आणि आम्हा दोघींना यावर बराच वेळ बोलावे लागले. पण वचन दिलेल्याला ‘खरेच ना?’ असे दर रात्री विचारत राहणे हा विश्वास नव्हे. एकदा विचारले, त्याने हो म्हटले, आता भय वाटत असतानाही पुन्हा न विचारता झोपायचे, हा त्या माणसाच्या विश्वासाचा सर्वांत कठीण आणि सर्वांत खरा प्रकार होता. पहिल्या रात्री ते पहाटेपर्यंत घामाघूम होऊन जागे राहिले, पण प्रार्थना पुन्हा केली नाही. तिसऱ्या आठवड्यात झोप लागू लागली. मध्ये एकदा घसरले आणि एका रात्रीत चार वेळा प्रार्थना केली. तेव्हा आम्ही नियम मोडल्याचा हिशेब मांडला नाही, दुसऱ्या दिवसापासून पुढे चालू केले.

एका भेटीत त्यांनी आपणहून एक्कावन्नावे स्तोत्र काढले. दाविदाने तेथे तारणाचा हर्ष परत मागितला आहे. “हर्ष गेला होता, ताई,” ते म्हणाले, “मी तारणच गेलं म्हणून शोधत बसलो.” हे मी त्यांना शिकवले नव्हते.

नवव्या महिन्यात, पवित्र सप्ताहातील गुरुवारी, ते प्रभुभोजनाला गेले. पुढच्या भेटीत मी विचारले, मन शांत होते का? ते म्हणाले, “नाही. प्याला हातात आला आणि तोच प्रश्न आला. मी त्याला उत्तर दिलं नाही. प्यालो.”