पाख्याखालचा ओटा

ताई, माळ्यावरच्या नव्या स्वयंपाकघराचा तुमचा नकाशा मी दोनदा बघितला. पाख्यापासून पाख्यापर्यंत, म्हणजे छपराच्या एका उतरत्या बाजूच्या भिंतीपासून दुसरीपर्यंत, १४ फूट, लांबी ११ फूट, कडेच्या भिंती साडेचार फूट आणि आढ्याखाली, म्हणजे मधल्या सर्वांत उंच जागी, साडेआठ. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा खालच्या स्वयंपाकघरात पाणी आलं, म्हणून आता स्वयंपाक माळ्यावर न्यायचा. कोल्हापुरात पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका, हे आकडे पाठ असलेल्या घराने हे ठरवलं तर त्यात चुकीचं काही नाही. पण डावीकडच्या बुटक्या भिंतीला चिकटलेला एल आकाराचा ओटा डिझायनरने दाखवलाय, तो मात्र करू नका. मी मंगळवार पेठेत अशाच कौलारू माळ्यावर ११ वर्षं भाकरी थापल्यात. पहिली दोन वर्षं ओटा असाच बुटक्या भिंतीला होता आणि कपाळावरचं टेंगूळ उतरायच्या आत दुसरं यायचं.

हिशेब करून बघा. तुमचं छप्पर ७ फुटांत ४ फूट चढतं, म्हणजे फुटाला जवळजवळ ७ इंच. ओटा २ फूट रुंद. त्याच्यापुढे सरळ उभं राहिलात तर डोकं भिंतीपासून अडीच फुटांवर येतं आणि तिथे वासा ५ फूट ११ इंचांवर असतो. कागदावर ठीक दिसतं. पण स्वयंपाक करताना सरळ कोण उभं राहतं? कढईत डोकावायला वाकलं की कपाळ सात-आठ इंच पुढे जातं आणि तिथे उंची जेमतेम साडेपाच फूट उरते. तुम्ही कशाबशा निभावाल, घरातला उंच माणूस पहिल्याच दिवशी आपटेल. त्याहून वाईट गोष्ट शेगडीची. ती भिंतीपासून फूटभर अंतरावर येणार. ओट्याची आणि शेगडीची उंची वजा केली तर बर्नर आणि वासा यांच्यात दोन फूटसुद्धा उरत नाहीत. वर वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड, खाली तांबड्या रश्श्याची फोडणी. नको.

म्हणून आधी एक काम करा. ओळंबा नसेल तर सुतळीला नट बांधा. जिथे जिथे वाशापासून जमिनीपर्यंत साडेसहा फूट भरतात तिथे खडूने खूण करा. दोन्ही बाजूंना भिंतीपासून साडेतीन-साडेतीन फुटांवर रेघा येतील आणि मध्ये ७ फुटांचा पट्टा उरेल. तुमची उभं राहायची खोली तेवढीच. बाकीचा अर्धा माळा बसून वापरायचा आणि सामान ठेवायचा. आमचे सुतारमामा म्हणायचे, उभ्याची कामं आढ्याखाली, बसायची पाख्याखाली. त्यांनी हे सांगितलं तेव्हा आमचा ग्रॅनाइट बसून झाला होता, ते सोडा.

आता ओटा कुठे? रस्त्याकडच्या त्रिकोणी भिंतीला, त्या मधल्या ७ फुटांत. तिथे डोक्यावर मोकळं आहे आणि भिंत विटांची आहे. ओट्याचं वजनही तुळयांच्या मध्यावर न येता भिंतीलगत येतं. वजनाचा विचार लाकडी तक्तपोशीवर, म्हणजे फळ्यांच्या जमिनीवर, करावाच लागतो. २० मिलिमीटरचा ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण ५ किलो भरतो, म्हणजे ७ बाय २ ची नुसती फरशीच ७० किलो. खाली विटांचे किंवा कडप्प्याचे उभे आधार घेऊ नका, लोखंडी अँगलची चौकट करा. उंची तुमच्या कोपराच्या ४ इंच खाली ठेवा. भाकरी रोजची असेल तर आणखी इंचभर कमी चालते, कारण थापताना वरून जोर लागतो.

मोरीचा पाइप उजवीकडे आहे, तेव्हा सिंक ओट्याच्या उजव्या टोकाला, शेगडी डावीकडे आणि मध्ये दोन-सव्वादोन फूट चिरायला, मळायला मोकळे. खिडकी त्या मोकळ्या जागेसमोर येते, ते उत्तम. शेगडी खिडकीसमोर सरकवायचा मोह होईल, पण पावसाळी वाऱ्याने बारीक आच विझते आणि गॅस तसाच सुटत राहतो. एक्झॉस्ट फॅन शेगडीच्या वर, भिंतीत जितका उंच बसेल तितका उंच. वाफ आणि ठसका दोन्ही आढ्याकडेच जातात. आमच्याकडे कुकरची शिट्टी बरोबर एका वाशाखाली यायची. दोन पावसाळ्यांत तो वासा बुरशीने काळा पडला होता.

सिंकच्या पाण्याचा पाइप २ इंची घ्या आणि त्याला फुटाला पाव इंच उतार द्या. लाकडी जमिनीखालून लांबवर नेऊ नका, गळती खालच्या खोलीच्या छतावर डाग पडल्यावरच कळते. सिंकखाली एक उथळ ट्रे ठेवलात की काम झालं. नळाला पाणी येण्यासाठी टाकीचा तळ नळाच्या वर हवा. तुमची टाकी न्हाणीघराच्या स्लॅबवर आहे, ती बहुतेक नळाच्या बरोबरीलाच येईल. स्टँडचा खर्च धरून ठेवा.

गॅसबद्दल जरा जास्त लिहिते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. जमिनीवरच्या स्वयंपाकघरात गळती झाली तर तो फरशीवर साचतो. माळ्यावर झाली तर जिन्याच्या तोंडातून खाली उतरतो. तुमच्या नकाशात जिन्याच्या पायथ्याशी देवघर आहे, म्हणजे तेवती समई. सिलिंडर ओट्याच्या डाव्या अंगाला पाख्याखाली उभा ठेवा, बंद कपाटात नको, आणि त्याच्यामागे भिंतीत जमिनीलगत जाळीचं भोक पाडून घ्या. नळी दीड मीटरहून लांब नको आणि ५ वर्षांनी बदला. देवघर जिन्यापासून हलवता आलं तर सासूबाईंशी बोलून बघा. तो विषय तुम्हीच काढा, मी नाही सांगत कसा.

सिलिंडर खाली ठेवून पाइप वर न्यायचा, असं कुणीतरी सुचवेल. एरवी हरकत नाही, पण तुम्ही वर जाताय ते पुरामुळे. भरलेला घरगुती सिलिंडरसुद्धा पाण्यावर तरंगतो, मग जोडणीचं काय होईल बघा. दुसरीकडे, १४.२ किलोचा गॅस टाकीसकट ३० किलोच्या आसपास जातो आणि तुमचा जिना खडा आहे. पोचवणाऱ्याशी आधीच बोलून ठेवा, नाहीतर ५ किलोचा छोटा सिलिंडर घ्या.

पाख्याखालच्या जागेत मी आधी दाराची कपाटं केली होती. दार अर्धं उघडलं की वाशाला अडायचं. ती मोडून गुडघाभर उंचीच्या पेट्या केल्या, खाली चाकं लावली. ओढली की पेटी मधल्या पट्ट्यात येते, उभ्यानेच सगळं दिसतं. पीठ, डाळी, मोठी पातेली त्यात. एका बाजूला फूटभर उंचीचा कट्टा ठेवा. भाजी निवडायला, लसूण सोलायला तिथे बसलं की डोक्याचा प्रश्नच येत नाही. मात्र वर्षाची कांदा-लसूण चटणी आणि गुळाची ढेप तिथे ठेवू नका. मे महिन्यात कौलाखालचा तो कोपरा भट्टी होतो आणि पावसाळ्यात तिथेच गूळ पाघळतो. मार्केट यार्डातून आणलेली अख्खी ढेप मी अशी घालवली आहे. त्या दोन वस्तू खालीच, पण उंच फळीवर.

छताला आतून प्लायवूड ठोकायचा बेत दिसतो. थेट वाशांना चिकटवू नका. कौल कुठे गळतंय ते दिसणार नाही आणि कौलांखालच्या रिपा आतल्या आत कुजतील. स्क्रूने निघतील असे तुकडे करा, मध्ये दोन इंच हवा खेळू द्या आणि शेगडीच्या वर सिमेंट शीट घ्या. शाकारणी, म्हणजे कौलं काढून परत बसवणं, मृगाच्या आधी होते, तेव्हा ओट्यावर ताडपत्री टाकायची. उजेडासाठी दोन-तीन काचेची कौलं बसवा, स्वस्तात काम होतं.

सासूबाईंचे गुडघे दुखतात असं लिहिलंय. त्यांना चहासाठी जिना चढायला लावू नका, खाली एक इंडक्शन राहू द्या. पाणी चढायला लागलं की उचलून वर न्यायला दोन मिनिटं पुरतात.

फरशीवाल्याला बोलवायच्या आधी त्रिकोणी भिंतीशी जुनं टेबल विटांवर चढवून आठ दिवस तिथे कणीक मळा, भाजी चिरा. शेगडी नको, नुसते हात चालवून बघा.

आणि एक माप तुम्ही दिलेलं नाही. छप्पर पेलणाऱ्या कैचीची आडवी तुळई माळ्याच्या जमिनीपासून किती उंचीवर आहे? ती सहा फुटांच्या खाली असेल तर मधल्या पट्ट्याची मांडणी बदलावी लागेल. कुणी सांगितलं तरी तिला करवत लावू देऊ नका, दोन्ही भिंती बाहेर फाकू नयेत म्हणून ती तिथे आहे. मोजून कळवा, मग ओट्याखालच्या ट्रॉल्यांचं बघू.