हिवाळ्यासाठी चाक एक इंच लहान घ्या

तुमच्या स्टेशन वॅगनला (मागे सामानाची मोठी जागा असलेल्या गाडीला) हिवाळी टायर घालायचं ठरवलंत, हे उत्तम केलंत. सुरुवातीला बहुतेक जण रुंद टायरकडे ओढले जातात. बर्फात मात्र अरुंद टायर मऊ थर कापून खालच्या टणक रस्त्यापर्यंत जातो, रुंद टायर वर तरंगतो.

तुमच्या गाडीला आता २२५/४५ आर१७ असतील, तर २०५/५५ आर१६ बघा. यात पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि 'आर'नंतरचा रिमचा व्यास इंचांत. म्हणजे एक इंच लहान होते ती रिम. बाहेरचा व्यास जेमतेम अडीच मिलिमीटरने बदलतो, म्हणजे स्पीडोमीटर बिघडत नाही. शिवाय टायरची बाजू उंच होते, त्यामुळे बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात रिम सहज वाकत नाही. आणि लहान टायर बहुधा स्वस्तही पडतो!

घेण्याआधी एवढं नक्की बघा:

- हा साइज गाडीच्या पुस्तिकेत आहे का? रिम ब्रेकच्या कॅलिपरला (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाला) घासत नाही ना? एक चाक बसवून हाताने फिरवून बघा.
- लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा. वॅगन सामानाने भरते. ९१ म्हणजे प्रत्येक टायरला ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०. पुस्तिकेतल्यापेक्षा कमी नको.
- टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण हे चिन्ह हवं. नुसतं 'एम+एस' (चिखल आणि बर्फ) पुरेसं नाही.

चारही टायर एकसारखे घ्या. फक्त पुढचे दोन बदलले की ब्रेक मारताना मागची बाजू सटकते. ही चूक फार जण करतात. ऑफसेटचं (चाक जिथे गाडीला बसतं ती बाजू रिमच्या मध्यापासून किती दूर आहे, त्याचं) गणित सध्या राहू द्या, पुस्तिकेतलाच आकडा घ्या.