पांढरा झगा आणि गॅसचे दिवे

प्रश्न : एकोणिसाव्या शतकात बॅले नर्तकींचे झगे वारंवार पेट घेत. त्यावर उपाय नव्हता का?

उत्तर : होता, पण नकोसा. १८३२ मध्ये पॅरिसला ‘ला सिल्फीड’ या बॅलेमध्ये नर्तकी मारी ताल्योनी पोटरीपर्यंतच्या पांढऱ्या, घंटेसारख्या झग्यात नाचली आणि तीच फॅशन झाली. मलमल विरळ, त्यात थरावर थर. मधली हवाच आगीला पोसते. खाली गॅसच्या उघड्या ज्योती. तुरटीसारख्या क्षारांच्या द्रावणात कापड बुडवले की ते सहज पेटत नसे. मात्र ताठ नि मळकट होई, तरंगणेच संपे. नर्तकी एमा लिव्री हिने असा झगा नाकारला. नोव्हेंबर १८६२ च्या तालमीत तिचा घेर पेटला; जुलै १८६३ मध्ये ती गेली. गुडघ्यावरचा आखूड टुटू (बॅलेचा झगा) नंतरचा, तोही आगीच्या भीतीने नव्हे, पायांचे काम दिसावे म्हणून!