सिरिंज उचलण्याआधी

प्रिय डॉक्टर,

अक्कलदाढ काढताना पेशंट हलला की हात आधी मिडाझोलमकडे, म्हणजे गुंगीच्या औषधाकडे, जातो. तिथेच थांब आणि लोकल, म्हणजे जागा बधिर करणारं इंजेक्शन, नीट बसलंय का ते बघ. खालच्या जबड्याचा ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) चढायला ३ ते ५ मिनिटं लागतात. ओठ जड झाला नसेल तर लिग्नोकेन (तेच बधिरतेचं औषध) पुन्हा दे. आधीचं धरून, अ‍ॅड्रेनॅलिनसह किलोमागे ७ मि.ग्रॅ. ही मर्यादा. दुखणाऱ्याची गुंगी वाढवली तर तो शांत होत नाही, बेभान होऊन हात झटकतो. मंदावतो तो फक्त श्वास.

मिडाझोलम १ मि.लि.मध्ये १ मि.ग्रॅ. असं पातळ करून घे. १ मि.ग्रॅ. दे, किमान २ मिनिटं घड्याळ बघ, मगच पुढचा. वयस्करांना अर्धाच, आणि जास्त थांबून. बोलणं अडखळलं की पुरे. फेंटानिल, म्हणजे तीव्र वेदनाशामक, लागणारच असेल तर ते आधी, किलोमागे ०.५ ते १ मायक्रोग्रॅम. दोन्ही मिळून श्वास बेरजेपेक्षा जास्त दाबतात, म्हणून मिडाझोलमचा हात आणखी आखडता.

नाकातून ऑक्सिजन चालू असताना रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर फसवतो: श्वास थांबला तरी ९८ टक्के बराच वेळ दिसत राहतो. बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या कॅप्नोग्राफची रेषा लगेच सपाट होते. पेशंट तोंडाने श्वास घेत असला तरीही ती सपाट दिसू शकते, म्हणून नजर छातीवरही हवी. आणि मॉनिटर बघणाऱ्याच्या हाती सक्शन देऊ नकोस, माणूस कमी असला तरी!

खरा धोका दाढ निघाल्यावर असतो. टाके घालताना टोचणी संपलेली, औषध मात्र तेवढंच रक्तात, म्हणून श्वास तेव्हाच मंदावतो.

हँडपीसचं (ड्रिलचं) पाणी घशात गेलं तर स्वरयंत्र आवळतं. घशापाशी गॉज ठेव, मोजून, आणि सक्शन जाड तोंडाचं घे. आवळलंच तर काम थांबव, घसा साफ कर, जबडा पुढे ओढ, मास्क घट्ट धरून १०० टक्के ऑक्सिजन दाबाने दे. तरी सुटलं नाही तर स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन, आणि ते आधीच हाताशी हवं.

मिडाझोलमचा असर उतरवणारं फ्लुमाझेनिल ०.२ मि.ग्रॅ.च्या टप्प्यांनी दे. त्याचा असर तासाभरात ओसरतो, मिडाझोलमचा राहतो आणि पेशंट पुन्हा पेंगतो. त्यामुळे ते द्यावं लागलं तर निदान २ तास बसवून ठेव. आयव्ही कॅन्युला (शिरेतली नळी) मात्र सगळ्यात शेवटी काढ, सोबतचा माणूस समोर आल्यावर.