रीडिझाइननंतर ट्रॅफिक पडलाय? जुन्या लिंक कुठे जातात ते आधी बघा

पाककृतींची साइट नव्या डिझाइनमध्ये आली, सोबत मराठी यूआरएल (पानांचे वेब-पत्ते) रोमन झाल्या, ट्रॅफिक कोसळला आणि एजन्सी म्हणतेय ‘धीर धरा’. तुमचं हे वाचून अंगावर काटा आला. आमचंही हुबेहूब असंच झालं होतं.

धीर अजिबात धरू नका. टायटल, साइटमॅप, चुकून राहिलेला नोइंडेक्स (गूगलला ‘हे पान शोधात दाखवू नको’ सांगणारी खूण) हे बघितलं असेलच. एखाद्या जुन्या पाककृतीची लिंक उघडा. थेट होमपेजवर येताय? मग दुखणं तिथेच आहे. आमच्या एजन्सीने प्रत्येक जुनं पान त्याच्या नव्या पानाकडे ३०१ने (म्हणजे कायमच्या रीडायरेक्टने) वळवायच्या ऐवजी सगळी पानं होमपेजवर लोटली. कामाच्या यादीत मात्र ‘रीडायरेक्ट: पूर्ण’. गूगल असल्या रीडायरेक्टला बहुतेक वेळा सॉफ्ट ४०४ (‘पान सापडलं नाही’ यासारखंच) धरतं, म्हणजे जुन्या पानाने कमावलेलं नव्याला मिळतच नाही. विचारलं की दर वेळी नवा माणूस, उत्तर तेच: ‘एसईओला (गूगलच्या शोधात वर येण्याला) वेळ लागतो.’ बिलाला कधी लागला नाही!

सर्च कन्सोलच्या (साइट शोधात कशी चालतेय ते दाखवणारं गूगलचं साधन) परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये १६ महिन्यांचा डेटा असतो. त्यातली जुनी पानं क्लिकच्या क्रमाने काढा (एक्सपोर्ट १००० ओळींपर्यंतच होतो) आणि वरून जुन्या-नव्या पानांची एकेक जोडी लावत या. शीर्षकावरून जुनी यूआरएल अंदाजाने बनवू नका. वर्डप्रेस देवनागरी स्लग (यूआरएलमधला पानाच्या नावाचा भाग) टक्क्यांच्या चिन्हांत साठवतं, मर्यादा २०० कॅरेक्टरची. एका देवनागरी चिन्हाला ९ लागतात, काना-मात्रा वेगळे मोजून. म्हणून बाविसाव्या चिन्हाच्या आसपास स्लग तुटतो. अंदाजाने बनवलेली यूआरएल जुळतच नाही.

मी एसईओवाला नाही, तुमचा सर्व्हरही पाहिलेला नाही, तेव्हा आधी चार-पाच पानांवर करून बघा. पण माझं स्पष्ट मत: डिझाइन बदलायला यूआरएल बदलावी लागत नाही. गूगलला देवनागरी यूआरएल चालते. आता मात्र परत देवनागरीवर जाऊ नका, आणखी एक उलथापालथ होईल.

जाता जाता, सर्च कन्सोलची मालकी डीएनएसमधून (डोमेनच्या सेटिंगमधून) स्वतःच्या खात्यावर घ्या. आमची एजन्सीच्या खात्यावर होती, साधा अ‍ॅक्सेस मिळवायला हातापाया पडावं लागलं. आणि ३०१ किमान वर्षभर तरी काढू नका, गूगलही तेच सांगतं. होस्टिंग बदललंत तर एचटीअ‍ॅक्सेस फाइल (३०१चे नियम अनेकदा तिच्यातच असतात) सोबत गेली का, तेही तपासा.