तिकिटापेक्षा परतल्यावरची सही महाग पडते

प्रश्न: आम्ही दोघी बहिणी ऑनलाइन कपडे विकतो. महिन्याला सुमारे ८०० ऑर्डरी जातात. त्यातल्या शंभरामागे २२ परत येतात, बहुतेक मापावरून. डिजिटल रिटेलच्या एका मोठ्या, तीन दिवसांच्या परिषदेला जावं असं मनात आहे. तिकीट, प्रवास, राहणं धरून एकीचा खर्च साधारण ५०० ऑर्डरींच्या नफ्याइतका होतो. धाकटी म्हणते, दोघी जाऊ आणि छोटा स्टॉलही घेऊ. त्यासाठी अडीअडचणीला बाजूला ठेवलेल्या तीन महिन्यांच्या खर्चातून पैसे काढावे लागतील. सवलतीच्या नोंदणीची मुदत महिन्याभरात संपते आहे. काय करावं?

उत्तर: एकीनेच जावं, स्टॉल घेऊ नये आणि त्या तीन महिन्यांच्या पैशाला हात लावू नये.

स्टॉलचं आधी सांगतो. अशा परिषदेत तुमचं गिऱ्हाईक नसतं. तिथे सॉफ्टवेअर, पेमेंट, डिलिव्हरी आणि जाहिरातवाले असतात, आणि तुम्हीच त्यांचं गिऱ्हाईक असता. स्टॉल त्यांनी लावायचा, तुम्ही हिंडायचं. दोघी गेलात तर तीन दिवस ऑर्डरी कोण पाठवणार, हाही प्रश्न आहेच.

आता जाण्याचा हिशेब. जादा विक्री होईल या आशेवर तो मांडू नका. ५०० नवीन ऑर्डरी मिळवायला जाहिरातीचा खर्च पुन्हा येतो. तुमचं दुखणं परत येणाऱ्या मालाचं आहे. दोन्हीकडचं कुरिअर, पुन्हा पॅकिंग, कधी उतरवावी लागणारी किंमत हे सगळं धरून परत आलेला एक नग दोन ऑर्डरींचा नफा खातो असं मी मानतो. तुमचा खरा आकडा वहीतून काढा. ८०० वर २२ टक्के म्हणजे १७६ परत. परिषदेत शिकलेल्या एखाद्या गोष्टीने हे प्रमाण १८ टक्क्यांवर आलं, तर १४४. महिन्याला ३२ परतावे वाचले, म्हणजे ६४ ऑर्डरींचा नफा. आठ महिन्यांत खर्च भरून निघाला. पण प्रमाण २१ टक्क्यांवरच अडकलं तर वाचतात फक्त ८, आणि भरपाईला अडीच वर्षांहून जास्त लागतात. सौदा चांगला की वाईट, हे या एकाच प्रश्नाच्या उत्तरावर ठरणार आहे. म्हणून तीन दिवस याच प्रश्नामागे लागा. मापाचे तक्ते, फोटो, गिऱ्हाइकाला दाखवली जाणारी मापाची सूचना, परत येण्याच्या कारणांची नोंद, हे सगळं तुमच्याएवढ्या दुकानांनी कसं केलं ते विचारा.

त्यासाठी भेटी आधी ठरायला हव्यात. मोठ्या परिषदांच्या अॅपमध्ये येणाऱ्यांची यादी असते. निघण्यापूर्वी दहा जण निवडून त्यांना दोन ओळी पाठवा. त्यातले सहा तरी तुमच्यासारखे कपडे विकणारे असू द्या, कारण आपलं काय चुकलं हे दुकानदारच मोकळेपणाने सांगतो. व्यासपीठावरची भाषणं बहुतेक ठिकाणी नंतर ध्वनिचित्रमुद्रणात मिळतात. मिळणार असतील तर त्या वेळात सभागृहाबाहेरच्या भेटी घ्या.

पैसे भरण्याआधी आयोजकांना एक गोष्ट नक्की विचारा. काही परिषदा विक्रेत्यांना मोफत तिकीट देतात, कधी प्रवासखर्चाचा काही भागही देतात. बदल्यात ठरलेल्या संख्येने कंपन्यांच्या छोट्या भेटी घ्याव्या लागतात. लास व्हेगासची शॉपटॉक परिषद यासाठी ओळखली जाते. त्यात वेळ जातो, पण तुमच्या हिशेबात ही सवलत फार मोठी आहे. ती मिळाली नाही तर तिकीट या महिन्याच्या नफ्यातून काढा आणि प्रवासाचे पैसे पुढच्या दोन महिन्यांत दोघींनी उचल कमी करून जमवा. तेही जमत नसेल तर मुदत जाऊ द्या. सवलत हुकल्याने दुकान बंद पडत नाही, पण हाताशी पैसा नसताना एखादा मंदीचा महिना आला तर पडू शकतं. तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येतं का, रद्द केलं तर किती परत मिळतं, हेही वाचून ठेवा.

मला खरी काळजी आहे ती परतल्यानंतरच्या आठवड्याची. माझ्याकडे हिशेब घेऊन आलेल्या छोट्या दुकानदारांचं नुकसान तिकिटाने क्वचितच केलं. ते केलं घाईत सही केलेल्या वर्षभराच्या करारांनी. घाई लावायला भीतीही पुरते. गूगलने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं की क्रोम ब्राउझरमधून तृतीय-पक्ष कुकीज (गिऱ्हाईक वेगवेगळ्या साइटवर काय पाहतं याचा माग ठेवणाऱ्या, जाहिरातवाल्यांच्या छोट्या नोंदी) दोन वर्षांत काढून टाकू. मग मुदत २०२३ वर गेली, मग २०२४ वर, आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. ‘आता नाही घेतलं तर मागे पडाल’ या बोलण्यावर ज्याने २०२० मध्ये कुकीजना पर्याय म्हणून महागडी व्यवस्था विकत घेतली, तो चार वर्षं न आलेल्या संकटाचे हप्ते भरत राहिला.

म्हणून स्टॉलवरची ‘फक्त आज’ची सूट नाकारा आणि ३० दिवस कशावरही सही करू नका. शुल्क विक्रीच्या टक्केवारीने आहे की ठरावीक, करार आपोआप वाढतो का, सोडायचा तर किती आधी कळवायचं, सोडताना गिऱ्हाइकांची माहिती तुमच्या हाती परत येते का, हे लेखी घ्या. तुमच्याएवढ्या दोन दुकानांची नावं मागा, त्यातलं एक ती सेवा सोडून गेलेलं असू द्या. मग कपड्यांच्या एकाच प्रकारावर दोन महिने वापरून पाहा.

आज एवढंच करा: गेल्या तीन महिन्यांच्या परताव्यांची कारणं आणि त्यांचा खर्च धाकटीसोबत बसून एका कागदावर उतरवा. तो कागद बॅगेत हवाच, आणि कदाचित तो भरतानाच कळेल की निम्मे परतावे दोन-तीन नगांचेच आहेत. तसं निघालं तर आधी ते नग सुधारा, आणि तिकिटाचा विचार पुढच्या वर्षी करा.